पाय दाखवायचा कुठे?

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. त्यांना बांधून ठेवणारे बंध, स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या मिळून अख्ख्या शरीराचा भार दिवसभर वाहतात. या एवढ्याशा भागासाठी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया या देशांत पोडिअट्री, म्हणजे पादचिकित्सा, हा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. अमेरिकेत त्याची चार वर्षांची वेगळी पदवी असते आणि त्यानंतर रुग्णालयातले प्रशिक्षण. भारतात असा तज्ज्ञ मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांत भेटतो. बाकी सगळीकडे पायाची दुखणी निरनिराळ्या डॉक्टरांत वाटली गेली आहेत. हाड आणि सांधा अस्थिरोगतज्ज्ञाकडे जातो, जखम आणि नख सर्जनकडे, कातडीचा विकार त्वचारोगतज्ज्ञाकडे, बधिरपणा फिजिशियनकडे, आणि चप्पल मोच्याकडे. त्यामुळे तेलंगणातल्या मुधोळसारख्या गावात पायाच्या डॉक्टरची पाटी शोधत बसण्यापेक्षा कोणते दुखणे कोणत्या दारात न्यायचे आणि किती घाईने, हे ठाऊक असणे जास्त उपयोगाचे.

मुधोळ १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात होते. राज्यपुनर्रचनेत मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली आणि ऑक्टोबर २०१६ पासून हा भाग निर्मल जिल्ह्यात आला. घरात मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात दोन्ही आणि जोडीला उर्दू, अशी इथली राहणी आहे. दवाखान्याच्या वाटाही दोन राज्यांत फुटतात. जवळचे मोठे सरकारी रुग्णालय भैंशाला. त्यापुढे निर्मल, जिथे २०२३ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. बासर स्थानकावरून रेल्वेने एका दिशेला निजामाबाद आणि दुसऱ्या दिशेला धर्माबाद, उमरीवरून नांदेड गाठता येते. या दोन्ही शहरांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ पासूनचे. सोयरीक आणि भाषा यांमुळे इथल्या अनेक मराठी कुटुंबांना नांदेडच जवळचे वाटते. पण उपचार लांबणार असतील तर राज्याच्या सीमेचा हिशेब आधी करावा लागतो. तो पुढे येईल.

या भागातल्या पायांची दुखणी इथल्या जमिनीने आणि कामाने घडवलेली आहेत. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते आणि टाचाही भेगाळतात. पावसाळ्यात त्याच मातीचा चिखल बोटांच्या बेचक्यांत दिवसभर बसतो. कापूस निघाल्यावर शेतात पऱ्हाटीची धसकटे उभी राहतात. घरात शहाबादी फरशीवर बायका अनवाणी तासन् तास उभ्या असतात, आणि विड्या वळणाऱ्या बायका मांडी घालून तेवढाच वेळ बसतात.

सगळ्यांत जास्त घडणारी दुखापत म्हणजे पाय मुरगळणे. पाऊल आत वळते आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा बंध ताणला जातो किंवा फाटतो. अशा वेळी घरोघरी दोन गोष्टी होतात: पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय लावून घेतात आणि गरम तेलाने चोळतात. पहिल्या गोष्टीने फारसे बिघडत नाही. दुसरीने बिघडते, कारण पहिल्या दोन दिवसांत शेक आणि चोळणे यांनी आतला रक्तस्राव व सूज वाढते. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. वर लवचीक पट्टी. झोपताना पायाखाली उशी. आणि दुखणे सोसवेल तसतसे घोटा हलवायला सुरुवात. एवढ्याने बहुतेक पाय बरे होतात. हाड मोडले आहे की नाही हे ओळखायला कॅनडातल्या ओटावा शहरातील डॉक्टरांनी १९९२ मध्ये एक नियम मांडला. तो आज जगभर वापरला जातो आणि घरातही उपयोगी पडतो. घोट्याच्या दोन्ही बाजूंना वर आलेल्या हाडांची मागची कड टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत दाबून पाहायची. तिथे हाडच दुखले, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि नंतर दवाखान्यातही चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मधोमध, हाडाचा उंचवटा असतो. आतल्या बाजूला घोट्याच्या थोडे पुढे दुसरा. पावलाचा मधला भाग दुखत असेल आणि यांपैकी एखादा उंचवटा दाबल्यावर दुखला, तरीही एक्स-रे लागतो. लहान मुले, नशेतला माणूस आणि पाय बधिर असलेला रुग्ण यांना मात्र हा नियम लावू नये.

एक्स-रेसाठी भैंशाच्या रुग्णालयात जायला अर्धा दिवस मोडतो, म्हणून पुष्कळ जण आधी हाडवैद्याकडे जातात. त्यांतल्या काहींचा हात चांगला असतो, हे खरे. धोका बांबूच्या कामट्या लावून आवळून बांधण्यात आहे. बांधल्यावर बोटे थंड, निळसर किंवा बधिर झाली, अथवा दुखणे वाढतच गेले, तर ते बंधन त्या क्षणी सोडले पाहिजे. रक्तपुरवठा काही तास तुटला की पाऊल वाचवणे शस्त्रक्रियेलाही कठीण जाते. वारंवार मुरगळणाऱ्या घोट्यासाठी फिजिओथेरपिस्टकडचे तोल साधण्याचे व्यायाम हा खरा उपाय आहे. एका पायावर उभे राहणे, हा त्यांतला पहिला.

टाचदुखीची ओळख सोपी. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावले टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते, चालल्यावर ती कमी होते आणि संध्याकाळी परत डोके वर काढते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली ताणलेला जाड पडदा सततच्या ताणाने दुखावलेला असतो. एक्स-रेमध्ये टाचेचे हाड वाढलेले दिसले की रुग्ण घाबरतो, पण तसे वाढलेले हाड मुळीच दुखत नसलेल्या पुष्कळ लोकांतही सापडते, आणि त्यासाठी शस्त्रक्रिया करून घेण्याचे कारण नसते. पोटरीचा आणि तळव्याचा ताण देणारा व्यायाम, घरातही मऊ चप्पल आणि थोडे वजन कमी करणे यांनी बहुसंख्य लोक वर्षभरात बरे होतात. वर्ष हा शब्द ऐकून निराश होणारे रुग्ण इंजेक्शन मागतात. ते अस्थिरोगतज्ज्ञाने, विचार करून, बाकीचे उपाय थकल्यावर द्यायचे असते.

टाचांच्या भेगा, बोटांमधल्या चिखल्या, कुरूप आणि नखुरडे ही चार दुखणी क्षुल्लक मानली जातात आणि निरोगी माणसात बहुधा तशीच असतात. भेगांसाठी रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, वजरीने हलके घासून, कोरडे करून व्हॅसलीन किंवा युरिया असलेले मलम लावायचे. भेगेतून रक्त किंवा पू आला तर डॉक्टर. चिखल्यांवर औषधाइतकाच महत्त्वाचा उपाय म्हणजे बेचक्या कोरड्या ठेवणे. बुरशीवरचे साधे मलम काही आठवडे, खाज थांबल्यावरही, लावावे लागते. औषधाच्या दुकानातून ऐकीव माहितीवर घेतलेल्या मलमात अनेकदा स्टेरॉइड असते. खाज लगेच थांबते, बुरशी आत पसरते आणि मग तीच चिवट होऊन जांघेपर्यंत पोचते. अशी बरीच मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये केला, तरी ती सहज मिळतात.

कुरूप आणि चामखीळ यांत गल्लत होते. वरून सरळ दाबल्यावर दुखते ते बहुधा कुरूप. दोन बाजूंनी चिमटीत धरल्यावर दुखते आणि तासल्यास बारीक काळे ठिपके दिसतात ती चामखीळ. कुरूप दाबामुळे होते. चपलेचा अंगठा, आखूड बूट किंवा वाकडे बोट हे त्याचे मूळ असते, आणि ते बदलल्याशिवाय कितीही वेळा कापले तरी कुरूप परत येते. त्यावर बिब्बा तापवून लावण्याची जुनी रीत आहे. बिब्ब्याचे तेल कातडी जाळते, आणि मधुमेही माणसाच्या पायावर तो डाग महिनोन् महिने न भरणारी जखम होऊन बसतो. दुकानातल्या कॉर्न कॅपमधले सॅलिसिलिक आम्लही हेच करते. नखाचा कोपरा मांसात रुतून पिकला तर सर्जन जागा बधिर करून नखाची ती कड काढतो. काम थोड्या वेळाचे असते. नख सरळ रेषेत कापले आणि कोपरे खोलवर कोरले नाहीत तर ही पाळी सहसा येत नाही.

काटा किंवा धसकट रुतणे हे शेतकऱ्याला रोजचेच. जखम साबण-पाण्याने धुऊन धनुर्वाताची लस झाली आहे का हे पाहायचे, आणि आत तुकडा राहिला असेल तर तो डॉक्टरांकडूनच काढून घ्यायचा. याच मार्गाने मातीतली बुरशी किंवा जंतू आत जाऊन मायसेटोमा नावाचा रोग होतो. पाऊल महिनोन् महिने हळूहळू सुजते, बहुधा दुखत नाही, मग त्यावर छिद्रे पडून पांढरे, काळे किंवा लाल कण बाहेर येतात. मदुराईत १८४२ मध्ये त्याची नोंद झाल्याने तो मदुरा फूट या नावानेही ओळखला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये त्याला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले. दुखत नाही म्हणून शेतकरी थांबतो आणि तेवढ्या काळात रोग हाडात जातो. जुन्या काट्याच्या जागी न दुखणारी गाठ दिसली तर थेट वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग किंवा शल्यचिकित्सा विभागात जावे.

जन्मतः आत वळलेले पाऊल हे हजार बाळांमागे एक-दोघांना असते. ग्रहणाशी किंवा आईच्या कोणत्याही वागण्याशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतल्या आयोवा येथील इग्नासिओ पोन्सेटी यांच्या पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ केले जाते. साधारण पाच ते सात प्लास्टर लागतात, पुष्कळदा टाचेमागच्या कंडरेला एक छोटा छेद द्यावा लागतो आणि त्यानंतर चौथ्या वर्षापर्यंत रात्री विशेष बूट घालावे लागतात. उपचार जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच सुरू झालेले उत्तम. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे व्यंग समाविष्ट आहे. आशा ताईला किंवा एएनएमला सांगितले की बाळ पुढे पाठवण्याची जबाबदारी यंत्रणेची असते. कुटुंबाची खरी कसोटी बुटांच्या काळात लागते. पाऊल सरळ दिसू लागले की बूट सुटतात आणि वाकडेपणा परततो.

आतापर्यंतच्या बहुतेक दुखण्यांत वेदना माणसाला दवाखान्यात ओढून नेते. ज्या पायात वेदनाच उरलेली नाही, तो पाय सर्वांत धोक्याचा.

ही गोष्ट या प्रदेशाला शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. निजामाबादजवळच्या डिचपल्लीला इझाबेल केर या स्कॉटिश डॉक्टर बाईंनी १९१५ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी व्हिक्टोरिया रुग्णालय उभारले. तिथे त्या काळी कडूकवठाच्या तेलाची इंजेक्शने दिली जात. कुष्ठरोगात नसा मरतात, तळव्याची जाणीव जाते आणि मग खडा, विस्तव, चपलेतला खिळा यांनी झालेल्या जखमा चालता चालता खोल होत जातात. बोटे रोगाने झडतात असा समज होता. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या कामातून दिसले की झीज मुख्यतः न जाणवलेल्या इजांनी होते आणि योग्य पादत्राण व विश्रांती यांनी ती टाळता येते. मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला, ज्यांना आजही एमसीआर चपला म्हणतात, त्या याच विचारातून आल्या. ब्रँड पुढे १९६६ मध्ये अमेरिकेतल्या कारव्हिल येथे गेले. भारतातल्या कुष्ठरुग्णांच्या पायांवर वापरलेला तळव्याला घट्ट बसणाऱ्या प्लास्टरचा उपाय तिथे मधुमेहींसाठी रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मधुमेही पायाची आधुनिक चिकित्सा अशी बऱ्याच अंशी भारतीय कुष्ठरुग्णांच्या पायांवर शिकली गेली आहे. मुंबईत मधुमेही पायाच्या शस्त्रक्रियेचा पाठपुरावा करणारे डॉ. अरुण बाळ आणि डायबेटिक फूट सोसायटी ऑफ इंडिया यांनी हा विषय देशातल्या सर्जनांपर्यंत पोचवला.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. जगभरच्या अनुभवातून काढलेल्या अंदाजाप्रमाणे त्यांच्यापैकी १९ ते ३४ टक्के लोकांच्या पायाला आयुष्यात कधीतरी जखम होते. तिची पूर्वचिन्हे घरातल्या माणसांना दिसू शकतात. चालता चालता चप्पल निसटून मागे राहते आणि माणसाला कळत नाही. पायाला मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात. घरात त्याला उष्णता म्हणून सोडून देतात. जीवनसत्त्व बी-१२ च्या कमतरतेनेही असे होते, म्हणून रक्त तपासूनच ठरवावे. बासरच्या देवळात दुपारी तापलेल्या फरशीवरून अनवाणी चालून आल्यावर तळव्याला फोड येतात आणि ते संध्याकाळी कोणीतरी दाखवल्यावर समजतात. मांडी घालून बसण्याने घोट्याच्या बाहेर पडलेला घट्टा आतून पिकतो. हे शेवटचे परदेशी पुस्तकांत फारसे सापडत नाही, आपल्याकडे मात्र जरूर पाहावे.

जाणीव तपासायला यंत्र लागत नाही. रुग्णाने डोळे मिटायचे. सुनेने किंवा नातवाने आपल्या तर्जनीचे टोक दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद अगदी हलके टेकवायचे, दाबायचे नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणचा स्पर्श कळला नाही, तर जाणीव कमी झाली आहे असे धरून डॉक्टर गाठायचा. ही तपासणी इंग्लंडमधल्या इप्सविच येथे विकसित झाली. दवाखान्यात हेच काम दहा ग्रॅम दाबाच्या नायलॉन धाग्याने होते, पायाच्या नाड्या बोटांनी चाचपल्या जातात आणि गरज पडल्यास घोट्याच्या व दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ पेक्षा कमी आले तर पायाचा रक्तपुरवठा अपुरा आहे. जाणीव आणि नाड्या दोन्ही शाबूत असतील तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. जाणीव गेली असेल तर सहा ते बारा महिन्यांनी, त्यासोबत पायाचा आकार बदलला असेल किंवा रक्तपुरवठा कमी असेल तर तीन ते सहा महिन्यांनी आणि आधी जखम होऊन गेली असेल तर एक ते तीन महिन्यांनी.

बधिर पायावरची कोणतीही जखम चोवीस तासांत डॉक्टरांनी पाहिली पाहिजे. लाली वर चढते आहे, दुर्गंधी येते आहे, बोट काळे पडले आहे, ताप आहे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी, आणि वाहन नसेल तर १०८ वर फोन करून. आणखी एक रूप फसवे असते. पाऊल अचानक सुजते, लाल आणि गरम होते, पण जखम नसते आणि दुखणेही नाममात्र. त्याला मुरगळले किंवा जंतुसंसर्ग झाला असे समजून माणूस चालत राहतो आणि आतली हाडे चुरत जातात. शार्को नावाच्या या विकारात पावलावर भार टाकणे ताबडतोब बंद करून प्लास्टर घालावे लागते.

मधुमेह नसलेल्या माणसाच्या तळव्यावर न दुखणारी जखम असेल आणि अंगावर बधिर, फिकट चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, उपचार सहा किंवा बारा महिन्यांचे असतात आणि बधिर पायांसाठी एमसीआर चपलाही याच कार्यक्रमातून दिल्या जातात. हत्तीपायाच्या रुग्णाला रोज साबणाने पाय धुणे, बेचक्या कोरड्या करणे आणि पाय उंच ठेवणे यांनी वारंवार येणारा ताप व सूज यांपासून खरा आराम मिळतो.

आता दाराचा प्रश्न. साधी मुरगळ, भेगा, चिखल्या, काटा, रक्तातली साखर यांसाठी गावातला सरकारी दवाखाना पुरेसा आहे; तिशीनंतर साखरेची तपासणी तिथे मोफत होते. एक्स-रे आणि सर्जन यांसाठी भैंसा किंवा निर्मल. पायातला रक्तपुरवठा तुटला असेल, हाडात पू झाला असेल किंवा कोणी पाय कापायचा सल्ला दिला असेल, तर निजामाबाद किंवा नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय, आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेसाठी हैदराबादचे निम्स रुग्णालय. कापण्याचा सल्ला मिळाल्यावर, रुग्णाचा जीव धोक्यात नसेल तर, रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे; रक्तपुरवठा सुधारल्यावर अनेकदा फक्त एखादे बोट गमावून पाऊल वाचते. रुग्णालय निवडताना पाटीवरच्या पदव्यांपेक्षा काही साधे प्रश्न विचारावेत. जखमेच्या रुग्णाचे दोन्ही पाय उघडे करून नाड्या पाहतात का? भार काढण्यासाठी प्लास्टर किंवा विशेष चप्पल देतात का, की फक्त रोज पट्टी बदलतात? सर्जन आणि साखर पाहणारा डॉक्टर एकमेकांशी बोलतात का? तळव्याच्या जखमेवर महिनाभर केवळ पट्ट्या बदलल्या गेल्या असतील आणि ती लहान होत नसेल, तर दुसरीकडे जाण्याची वेळ झाली.

पैशाची बाजू अशी. तेलंगणाच्या आरोग्यश्री योजनेची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये कुटुंबामागे वर्षाला दहा लाख रुपये झाली, पण ती योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांतच चालते. महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले योजना महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे. मुधोळचे शिधापत्रिकाधारक कुटुंब नांदेडच्या खासगी रुग्णालयात गेले तर या दोन्हींचा आधार हुकू शकतो. आयुष्मान भारतचे कार्ड असल्यास ते दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयात चालते. भरती होण्याआधी रुग्णालयातल्या योजनेच्या खिडकीवर हे विचारून घ्यावे. सोबत आधीचे सगळे कागद, चालू औषधांच्या पट्ट्या आणि रोज वापरातली चप्पल न्यावी. चपलेच्या झिजलेल्या जागा पाहून डॉक्टरला दाब कुठे येतो ते कळते. तेलुगूत लिहिलेला कागद नांदेडला आणि मराठीत लिहिलेला निर्मलला अडतो, म्हणून औषधांची नावे व मात्रा इंग्रजीत लिहून घेतलेल्या बऱ्या.

पादत्राण संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, घ्यावे. बधिर पायाला अंगठ्याची चप्पल चालत नाही. मागे पट्टा, पुढे रुंद जागा आणि आतून मऊ, खालून टणक तळ हवा. खिळे ठोकलेली चप्पल तर नकोच, चिकटवलेली आणि शिवलेली घ्यावी. नवी चप्पल पहिल्या दिवशी तासभरच घालून पाय तपासावा आणि हळूहळू वेळ वाढवावी. मऊ रबर वापरून दबून चपटे होते. ते बोटाने दाबल्यावर परत फुगत नसेल, तर चप्पल वरून नवी दिसत असली तरी बदलावी लागते.